आईला वृद्धाश्रमात ठेवलं म्हणजे विचारायचा हक्क गेला का?

पत्र थोडक्यात असं आहे. चिंचवडला राहणाऱ्या, खाजगी कंपनीत नोकरी करणाऱ्या एका ताईंनी लिहिलंय. आई 78 वर्षांची, डायबेटिस, दोन वेळा इन्सुलिन, मागे अर्धांगाचा हलका झटका येऊन गेला आणि तेव्हापासून विसरणं वाढत चाललंय. गेल्या वर्षी आईला मिरजेजवळच्या एका वृद्धाश्रमात ठेवलं, महिना 18 हजार रुपये. भाऊ सांगलीत विश्रामबागला राहतो, रविवारी दुपारी भेटून येतो, ताई महिन्यातून एकदा जातात. अलीकडे आईचे ब्लाउज ढगळ व्हायला लागलेत, दोन्ही दंडांवर निळे-काळे डाग दिसले, दुपारी चारला गेलं तरी गुंगीत असते, मागच्या फेरीला साडी नीट करताना माकडहाडाजवळ लाल चट्टा दिसला. आई एकदा हळूच म्हणाली, "रात्री हाका मारल्या तरी कोण येत न्हाई गं." मॅनेजरला विचारलं तर तो म्हणाला, "ताई, आता वयच झालंय त्यांचं." भाऊ म्हणतो बोलू नको, राग आईवर काढतील, आणि आपण घरी सांभाळू शकलो नाही, ते लोक सेवा करतायत, आपण कुठल्या तोंडानं बोलायचं. ताई विचारतात, गप्प बसू, भांडू, की नोकरी सोडून आईला घेऊन येऊ?

ताई, एक गोष्ट आधी सांगते, ती करा आणि मग बाकीचं वाचा. तो माकडहाडाजवळचा चट्टा. त्यासाठी पुढच्या फेरीची वाट बघू नका. भावाला आजच फोन करा, उद्या वहिनींना सोबत घेऊन जाऊ दे आणि वहिनींनी ती जागा नीट उजेडात बघू दे. बोटानं हलकं दाबायचं, दाबून सोडल्यावर जागा क्षणभर फिकी पडून परत लाल झाली तर अजून हातात वेळ आहे. दाबूनही लालच राहिली, किंवा गरम, कडक लागली, कातडी सोलवटलेली असली, तर बेडसोर (एकाच जागी पडून राहून होणारी जखम) सुरू झालाय असं समजायचं आणि त्याच दिवशी डॉक्टरला दाखवायचं. सावळ्या अंगावर लाल रंग दिसतोच असं नाही बरं का, जागा काळपट-जांभळी दिसते. डायबेटिसच्या माणसाची ही जखम भरायला फार वेळ घेते आणि वरून रुपयाएवढी दिसली तरी आत खोल गेलेली असू शकते. तिथं तेल लावून चोळायचं नाही, पावडर थापायची नाही. पडून असलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलायची, डायपर ओला झाला की लगेच काढायचा, पोटऱ्यांखाली उशी देऊन टाचा अधांतरी ठेवायच्या, खुर्चीत बसवलं असलं तरी अधूनमधून उठवायचं, एवढं केलं तर सुरुवातीचा चट्टा बऱ्याचदा तिथंच थांबतो. हवेची गादी मिळाली तर चांगलंच, पण गादी आहे म्हणून कूस बदलायची नाही असं होत नाही.

आता तुमच्या भावाच्या वाक्याकडे येते, कारण मला वाटतं तुमची खरी अडचण तिथंच आहे. कुठल्या तोंडानं बोलायचं. अशी पत्रं सांगलीतून, कराडमधून, इस्लामपूर-विट्याकडून येतात आणि जवळजवळ प्रत्येकात ही लाज असते. घरात सांभाळता आलं नाही म्हणून आपण आधीच दोषी, मग दुसऱ्याला काय विचारणार. पण बघा ना, तुम्ही आईला रस्त्यावर सोडलेलं नाही. इन्सुलिन द्यायला, आंघोळ घालायला, रात्री उठवायला माणूस पाहिजे होतं, ते तुमच्या घरात दिवसभर मिळत नव्हतं म्हणून तुम्ही तशी जागा शोधलीत. कामाचा तेवढा भाग दुसऱ्याच्या हातात दिला, आई तुमचीच राहिली आणि तिच्याबद्दल विचारायचं कामही तुमचंच राहिलं. ते लोक सेवा करतायत हे मी नाकारत नाही, त्यातले काहीजण मनापासून करत असतील, पण सेवा म्हटली की तिला प्रश्न विचारायचा नाही हे कुणी ठरवलं? आणि हे फुकट असतं तरी मी हेच लिहिलं असतं. दानधर्मावर चालणाऱ्या आश्रमातल्या आजीची पाठसुद्धा तितकीच दुखते.

तर तुम्हाला विचारायचा हक्क आहे. पण काय विचारायचं हे आधी पक्कं करा, नाहीतर रागात जाल आणि मॅनेजर परत वयावर ढकलून मोकळा होईल.

"वयच झालंय" या वाक्याची मला चीड येते, खरंच. वय झालं की माणूस हळूहळू थकतो, मान्य. पण तुम्ही लिहिलेली चारही लक्षणं अलीकडची आहेत, आणि अशा गोष्टी एकदम आल्या की त्यामागे बहुतेक वेळा कारण असतं आणि ते कारण शोधता येतं. एकेक घेऊ.

ब्लाउज ढगळ झाले म्हणजे वजन उतरलंय. दाखल करताना त्यांनी वजन लिहून घेतलं असेल तर ते मागा, आणि आता काट्यावर उभं करा किंवा खुर्चीसकट मोजा. डॉक्टर साधारण असं धरतात की महिन्याभरात पाच टक्के किंवा सहा महिन्यांत दहा टक्के वजन आपोआप कमी झालं तर त्याचं कारण बघायलाच हवं. 54 किलोच्या बाईचे महिन्यात पावणेतीन किलो गेले तर ते थोडं नाही. कारणं कितीतरी असतात, कवळी सैल झालीये आणि भाकरी चावत नाही, ताट समोर ठेवतात पण भरवायला कुणी बसत नाही आणि अर्ध्या तासानं ताट तसंच उचलतात, गिळताना ठसका लागतो म्हणून ती स्वतःच खात नाही, शुगर वाढलेली आहे, मन लागत नाही. यातलं कुठलं हे कळायला एक दिवस जेवणाच्या वेळेला जाऊन शेजारी बसा. झोपवून भरवतात का तेही बघा. झटका येऊन गेलेल्या माणसाला नीट ताठ बसवूनच भरवायला पाहिजे, नाहीतर घास-पाणी श्वासनळीत जाऊन न्यूमोनिया होतो.

गुंगीची तर मला जास्त काळजी वाटते. इन्सुलिन ठरल्या वेळेला टोचलं आणि आईनं दोनच घास खाल्ले तर शुगर खाली येते, 70 च्या खाली गेली की घाम, थरथर, बडबड, गुंगी, आणि बघणाऱ्याला वाटतं म्हातारी झोपलीये. त्यामुळे इन्सुलिन कोण देतं, शुगर मोजून देतं का, आणि जेवली नाही तर काय करतात, हे तीन प्रश्न मॅनेजरला विचारू नका, जी मावशी किंवा सिस्टर हातानं देते तिलाच विचारा. लघवीतलं इन्फेक्शन झालं तरी म्हाताऱ्या माणसाला ताप न येता नुसती गुंगी आणि बरळणं येतं. अंगात पाणी कमी पडलं, रक्तातलं सोडियम उतरलं तरी तेच. म्हातारपणी तहान कमी लागते, त्यात रात्री डायपर बदलावा लागेल म्हणून संध्याकाळनंतर पाणीच कमी द्यायचं हा प्रकार बऱ्याच ठिकाणी चालतो, तो बंद करायला सांगा.

आणि गोळ्या. आई रात्री हाका मारते म्हणून कुणी झोपेची किंवा शांत ठेवायची गोळी सुरू केलीये का, कुणी लिहून दिली, कधीपासून, नाव काय. चिठ्ठी मागा, गोळ्यांच्या पाकिटांचा फोटो काढा. विसरण्याचा आजार असलेल्या वृद्धांना शांत ठेवायला जी काही मनोविकाराची औषधं देतात त्यांनी मृत्यूचा धोका वाढतो असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेनं 2005 मध्येच दिलाय, त्यातल्या काहींनी झटक्याचाही धोका वाढतो आणि तुमच्या आईला झटका येऊन गेलाय. कधीकधी डॉक्टर विचार करून अशी गोळी देतातही, त्यामुळे स्वतःच्या मनानं एकदम बंद करू नका, पण स्टाफला रात्र शांत जावी म्हणून देत असतील तर ते बरोबर नाही.

दंडावरच्या डागांबद्दल घाईनं निष्कर्ष काढू नका असं मी सांगेन. झटक्यानंतर रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या चालू असतात, वयामुळे कातडी कागदासारखी झालेली असते, तेव्हा जरासं धरलं तरी डाग उठतो. दोन्ही दंडांवर आहेत म्हणजे बहुतेक पलंगावरून उठवताना दंडाला धरून ओढत असतील. मारहाण नसेल ती, पण चुकीचं आहेच, खांदा निखळू शकतो. दोघींनी मिळून, चादरीचा आधार देऊन किंवा कमरेला पट्टा बांधून उचलायची पद्धत असते, ती एका दुपारी शिकवता येते. मात्र डाग तोंडावर, छातीवर, मांडीच्या आतल्या बाजूला असले, मनगटावर बांधल्यासारखे वळ असले, किंवा कसं झालं विचारल्यावर प्रत्येकजण वेगळंच सांगत असेल, तर तिथं थांबायचं नाही. आईला सरळ मिरजेच्या सरकारी दवाखान्यात किंवा सांगलीच्या सिव्हिलला न्यायचं, तपासणाऱ्या डॉक्टरला एमएलसी (मेडिको-लीगल केस) करायला सांगायचं म्हणजे पोलिसांकडे नोंद होते, आणि त्या रात्री आईला परत तिथं पाठवायचं नाही.

तसं काही नसलं तरी या आठवड्यात एकदा बाहेरच्या डॉक्टरकडे पूर्ण तपासणी करून घ्या. मिरजेसारखं दवाखान्यांचं गाव हाकेच्या अंतरावर असताना आश्रमात महिन्यातून एकदा येणाऱ्या डॉक्टरवरच अवलंबून राहायचं कारण नाही. वजन, शुगर, तीन महिन्यांची सरासरी शुगर, लघवी, हिमोग्लोबिन, सोडियम आणि किडनी. किडनी यासाठी की ती मंदावली तर इन्सुलिन अंगात जास्त वेळ राहतं आणि तोच जुना डोस जास्त होतो. रिपोर्ट हातात आले की मॅनेजरशी बोलणं एकदम सोपं होतं, कारण मग विषय तुमच्या संशयाचा राहत नाही. ॲडमिट करायची वेळ आली तर एक लक्षात ठेवा, 70 वर्षांवरच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारतचं वर्षाला 5 लाखांचं कव्हर 2024 पासून आहे, आईचं कार्ड आधारवरून आत्ताच काढून ठेवा. आयत्या वेळी कॅज्युअल्टीच्या दारात ओटीपी शोधत बसायला लागतं.

आता रात्र. तुमच्या आईनं जे सांगितलं ते पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य आहे आणि तुम्ही ते शेवटी, जाताजाता लिहिलंय. विसरायला लागलेलं माणूस कधी चोरीचा आळ घेतं, कधी मेलेल्या माणसाशी बोलतं, हे खरं आहे, पण म्हणून त्याचं प्रत्येक बोलणं भ्रम ठरत नाही. एकटी असताना, बाहेर बागेत वगैरे नेऊन, परत विचारा, पण "मारतात का गं" असं नको, "रात्री लघवीला लागलं की काय करतेस" असं विचारा. वेगवेगळ्या दिवशी तेच सांगितलं तर धरून चाला. वृद्धाश्रम रविवारी दुपारी कसा दिसतो यावरून काहीच कळत नाही, फरशी पुसलेली असते, सगळ्यांचे केस विंचरलेले असतात. भावाला सांगा की एकदा रात्री नऊला जा, एकदा सकाळी सहाला. रात्री किती माणसांमागे किती मावश्या असतात, त्या जाग्या असतात की दुसऱ्या मजल्यावर झोपलेल्या, आईच्या हाताशी घंटी आहे का आणि ती वाजते का, संडासच्या वाटेवर दिवा आणि धरायला दांडा आहे का, रात्री दोनला कुणी पडलं तर गाडी कोण काढणार आणि गेटची किल्ली कुणाकडे. म्हातारी माणसं पडतात ती बऱ्याचदा अशाच अंधारात, हाक मारून मारून शेवटी स्वतःच उठायला जाऊन, आणि खुबा मोडला की पुढचं सगळंच बदलतं.

हे विचारताना त्या मावश्यांकडेही जरा बघा. बारा तासांची ड्युटी, पगार तुटपुंजा, कुणी काही शिकवलेलं नाही, एकटीनं पंधरा-वीस जणांचं करायचं. आईकडे दुर्लक्ष होत असेल तर त्यात एकट्या मावशीचाच दोष असतो असं मला नाही वाटत. माणसं किती ठेवायची हे वरचे लोक ठरवतात, तुमचा प्रश्न त्यांना जायला पाहिजे.

भाऊ म्हणतो राग आईवर काढतील. ही भीती खोटी नाही, मी तिला वेडगळ म्हणणार नाही. पण गप्प बसल्यानं ती कमी होते का? ज्या आजीकडे कुणी येत नाही, जिच्याबद्दल कुणी विचारत नाही, तिचाच डायपर सगळ्यात शेवटी बदलला जातो. म्हणून भांडायला जाऊ नका आणि गप्पही बसू नका, येण्या-जाण्याची वर्दळ वाढवा. तुम्ही, भाऊ, वहिनी, कॉलेजातला भाचा, आईची एखादी गावभागातली जुनी मैत्रीण, आळीपाळीनं, वेगवेगळ्या वेळी. मावशीचं नाव, गाव, पोरं काय शिकतात हे विचारा. जे बरं केलंय ते बोलून दाखवा. आणि मॅनेजरशी बोलणं झालं की घरी जाऊन त्याला व्हॉट्सॲपवर साधा मेसेज टाका, "आज आपलं ठरलं त्याप्रमाणे दर सोमवारी वजन घेणार, रात्री दोन-दोन तासांनी कूस बदलल्याची वहीत नोंद ठेवणार, पडली किंवा जेवली नाही तर लगेच फोन करणार." तारखेसकट नोंद झाली. चांगला आश्रम असेल तर त्यांना याचा राग येणार नाही, उलट बरं वाटेल. कॅमेरे लावा म्हणून मागणी करणारे बरेच आहेत, व्हरांड्यात, जिन्यात ठीक आहे, पण जिथं आईचे कपडे बदलतात तिथं कॅमेरा मला पटत नाही, तिची लाज तिच्याकडे राहू दे.

तीन-चार आठवडे द्या. चट्टा बरा होतोय, वजन थांबलंय, वही खरी भरली जातेय, एका हाताच्या टिकमार्का रविवारी एकदम केलेल्या नाहीत, तर तिथंच राहू द्या, कारण विसरणाऱ्या माणसाला जागा बदलली की गोंधळ आणखी वाढतो, रात्री उठून जुनी खोली शोधायला लागतात. काहीच बदललं नाही, किंवा तुम्हाला आधी फोन करूनच या म्हणायला लागले, आत सोडायला टाळाटाळ व्हायला लागली, तर दुसरी जागा बघा. बघताना बोर्डावरच्या "नोंदणीकृत ट्रस्ट" या शब्दांवर जाऊ नका. धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी ही संस्थेच्या कारभाराची आणि हिशोबाची असते, कूस बदलतात की नाही हे त्यात कुणी तपासत नाही. खाजगी वृद्धाश्रमांची नोंदणी आणि किमान दर्जा ठरवायची तरतूद असलेलं दुरुस्ती विधेयक डिसेंबर 2019 मध्ये लोकसभेत आलं होतं, ते पास झालं नाही. म्हणजे बघायचं काम आपल्याच डोळ्यांनी. आत गेल्यावर वास कसला येतो, सकाळी अकराला किती जण अजून पलंगावरच आहेत, मावशी आजीला नावानं हाक मारते की "ए म्हातारे" म्हणते, हे अर्ध्या तासात कळतं. आणि आपल्याकडे आणखी एक विचारायलाच पाहिजे. ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांवर गेलं होतं, धोक्याची पातळी 45, आणि 2021 ला परत पूर आला. इमारत पूरपट्ट्यात आहे का, तळमजल्यावरच्या पडून असलेल्या लोकांना कुठं हलवणार, इन्सुलिन कुठल्या फ्रीजमध्ये राहणार, कुणाची गाडी येणार. जूनच्या आधी याचं उत्तर मिळायला हवं.

घरी आणायचं म्हणता. आणा, पण पश्चात्तापात ठरवू नका. नोकरी सोडून, चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, एकटीनं रात्रीचं उठून कूस बदलायची, तर दोन महिन्यांत तुमची कंबर जाईल आणि चिडचिड आईवर निघेल. घरातही हेळसांड होते, फक्त तिला कुणी तसं म्हणत नाही. घरी आणायचं तर रात्रीची बाई, तिची सुट्टी पडली तर कोण, संडासात दांडा, भावाचा खर्चातला वाटा, हे सगळं आधी कागदावर मांडा. जमत असेल तर आणा, आणि आईलाही विचारा, तिला अजून कळतंय बऱ्यापैकी.

बाहेर तक्रार करायची वेळ आलीच तर ज्येष्ठांची हेल्पलाइन 14567, फुकट आहे, सकाळी 8 ते रात्री 8, आधी तिथं बोला, ते मार्ग सांगतात. जिवाला धोका असेल तर 112. सांगलीत समाजकल्याणच्या सहायक आयुक्तांकडे आणि संस्था ट्रस्ट असेल तर सहायक धर्मादाय आयुक्तांकडे लेखी अर्ज द्या, पोच घ्या. तुम्ही पैसे भरून सेवा घेताय त्यामुळे 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगातही जाता येतं, राहता त्या जिल्ह्यातूनसुद्धा, म्हणजे तुम्हाला पुण्यातून. पावत्या आणि ते व्हॉट्सॲप मेसेज तिथं कामाला येतील. कुणीतरी प्रांतांकडे जा म्हणून सांगेल, पण 2007 च्या ज्येष्ठांच्या कायद्यातलं प्रांतांचं न्यायाधिकरण मुख्यतः मुलांकडून पोटगी मिळवून द्यायला आहे, आश्रमाच्या कारभाराची तक्रार तिथं फारशी पुढं जाणार नाही.

भावावर चिडू नका एवढं मात्र सांगते. तो दर रविवारी जातो, डबा घेऊन जात असेल, परत येताना त्याचाही पाय निघत नसेल. त्याला "तू लक्ष देत नाहीस" म्हणालात तर तो आणखी गप्प होईल, त्यापेक्षा रात्री नऊची फेरी त्याच्याकडे, डॉक्टर आणि कागदपत्रं तुमच्याकडे, अशी वाटणी करा. चट्टा बघून वहिनी काय म्हणाल्या आणि वजन किती भरलं ते मला कळवा, त्यावरून पुढचं बोलू.